परिचारिका आणि परका मुलूख

बदलीचा हुकूम हाती पडला म्हणजे सरकारी कारकुनाचे बिऱ्हाड हलते, परंतु त्याचे काम हलत नाही. मुंबईस ज्या फायली आम्ही चाळत होतो त्यांचीच भावंडे म्हैसुरास आमच्या मेजावर येऊन पडली. तेच नमुने, त्याच टिपणी, तीच कचेरीची इंग्रजी. त्यामुळे परभाषेच्या मुलखात वर्षानुवर्षे राहूनही आपल्यासारख्यांना तिची झळ लागते ती फार तर भाजीवाल्यापाशी. ज्या घरातील गृहिणी परिचारिका आहे, त्या घराला मात्र तोच हुकूम निराळ्या रीतीने लागू होतो. आमचे घर त्यांपैकी एक असल्यामुळे एक प्रश्न गेले वर्षभर आमच्या जेवणाच्या पानाशी येऊन बसला आहे. रुग्णाची भाषा न जाणणाऱ्या परिचारिकेस त्याच्या उशाशी उभे राहण्याचा अधिकार आहे काय?

कायद्यापुरते पाहिले तर तो आहे. १९४७ च्या भारतीय परिचर्या परिषद कायद्याने मान्यताप्राप्त पात्रता ही कोणत्याही राज्याच्या नोंदवहीत नाव घालण्यास पुरेशी मानली. महाराष्ट्राच्या परिषदेचा ना-हरकत दाखला आणावा, कागदांची पडताळणी व्हावी आणि कर्नाटकाच्या परिषदेत नाव नोंदवावे, एवढाच सोपस्कार. त्याला वेळ लागतो. पण कागदाला वेळ लागतो याचा विस्मय निदान आपल्या वाचकांनी तरी करू नये! पतिपत्नींस शक्यतो एका ठिकाणी नेमावे अशी केंद्र सरकारची सूचना आहे, आणि २००९ साली तिचा पुनरुच्चारही झाला. तथापि तिचा खरा उपयोग दोघेही सरकारी सेवेत असतील तर. खासगी रुग्णालयातील परिचारिकेने राजीनामा द्यावा आणि नव्या गावी दारोदार फिरावे, हाच रिवाज.

या फिरण्यात आमच्या सौभाग्यवतींना जो प्रश्न सर्वत्र विचारला गेला तो त्यांच्या अनुभवाविषयीचा नव्हता. ‘कन्नडा बरुत्ता?’ म्हणजे कन्नड येते का, एवढेच विचारले गेले. ही वार्ता आमच्या मराठी स्नेह्यांत पोहोचताच पुष्कळ संताप झाला. ज्या शहराच्या मुख्य रस्त्याला बडोद्याच्या सयाजीरावांचे नाव आहे तेथे मराठी बाईला असा प्रश्न, असे एक गृहस्थ म्हणाले. सेवेला भाषा नसते, असे दुसऱ्यांनी सांगितले. हे दुसरे वाक्य आपल्या मंडळांच्या व्यासपीठावरून इतक्या वेळा उच्चारले जाते की ते खरे आहे की नाही हे पाहण्याचे कोणाच्या मनातही येत नाही.

आमच्या मते ते खरे नाही. दुखणे सांगण्यासाठी आपल्या मराठीजवळ किती शब्द आहेत ते पाहावे. पोटात कळ येते, पाठीत चमक भरते, दाढ ठणकते, गळू ठुसठुसते, छातीत जळजळते, पाय वळतात, जीव घाबरा होतो. यांतील प्रत्येक शब्द हा अर्धे निदान आहे. ठणका आणि कळ यांतील भेद ज्या परिचारिकेस कळत नाही, ती डॉक्टरांना रात्री दोन वाजता काय कळवणार? कन्नडातही हेच. ‘नोवु’ म्हणजे दुखणे, ‘उरि’ म्हणजे आग, ‘सेळेत’ म्हणजे गोळा येऊन ओढल्यासारखे होणे, ‘तलेसुत्तु’ म्हणजे घेरी. हे शब्द पाठ करता येतात. खरा धोका आहे तो ओळखीच्या वाटणाऱ्या शब्दांचा. रुग्णाने ‘सुस्तु’ म्हटले की मराठी कानाला आळस किंवा गुंगी ऐकू येते. म्हैसूरच्या माणसाला मात्र म्हणावयाचे असते की अंगातले त्राण गेले. पहिल्याला निजू द्यावे, दुसऱ्याची नाडी तत्काळ पाहावी. मंडी मोहल्ल्यातील दखनी बोलणाऱ्या म्हातारबाबांशी आमच्या घरातील हिंदी कशीबशी निभावते, परंतु हेग्गडदेवनकोटेकडून किंवा चामराजनगराकडून आलेल्या आजीपुढे ती मुकी होते. तेव्हा ‘कन्नडा बरुत्ता?’ हा प्रश्न प्रांताभिमानाने विचारलेला नसून त्या आजीच्या वतीने विचारलेला आहे, असे आम्हांस वाटते, आणि तो विचारण्याचा तिला पूर्ण हक्क आहे.

अर्थात भाषेचा आग्रह कोठवर न्यावा यालाही सीमा आहे. जून २०२१ मध्ये दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयाने परिचारिकांनी मल्याळमचा वापर करू नये, हिंदी किंवा इंग्रजीच बोलावी, असे परिपत्रक काढले आणि सर्वत्र आक्षेप निघताच दुसऱ्या दिवशी मागे घेतले. रुग्णाशी रुग्णाच्या भाषेत बोला असे सांगणे योग्यच होते. दोघी मैत्रिणींनी आपसांत आईची भाषा बोलू नये हे सांगणे कोणाच्या हिताचे होते?

याहून कठीण प्रश्न पुढेच आहे. भाषा शिकावयाची ती कोठे? पुस्तकातून ‘नोवु’ शिकता येते, पण कण्हत बोललेले ‘नोवु’ वॉर्डातच ऐकावे लागते. म्हणजे शिकणारणीच्या चुका कोणीतरी रुग्णच सोसणार. यावर एक वाट आहे, आणि जाणत्या मेट्रन ती अवलंबितात. नवागतेस प्रथम शस्त्रक्रियागृहात किंवा निर्जंतुकीकरणाच्या विभागात घालावे. तेथे रुग्ण भूल घेऊन निजलेला असतो आणि नोंदी इंग्रजीत होतात. वॉर्डात जावयाचे ते जुन्या परिचारिकेच्या जोडीने. चार-सहा महिन्यांत कान तयार होतो. परंतु एका खासगी रुग्णालयाने आमच्या सौभाग्यवतींपुढे जी अट ठेवली ती निराळीच होती. कन्नड येत नाही म्हणून वेतन कमी, आणि पाळीला माणसे कमी म्हणून रात्रीचा वॉर्ड मात्र एकटीच्या अंगावर. वेतन ठरविताना जी भाषा अपुरी ती पाळी लावताना पुरेशी कशी होते? अपुरी असेल तर वॉर्ड देऊ नये, पुरेशी असेल तर वेतन कापू नये. येथे त्या आजीचे नाव पुढे करून तिचीच सुरक्षितता विकली जात होती. ती नोकरी स्वीकारली गेली नाही. त्या महिन्यात घरखर्चाची ओढाताण झाली हेही येथे नमूद करावयास हवे, कारण तत्त्वाची चर्चा करताना वाण्याची उधारी विसरली जाते.

आपल्या महाराष्ट्राकडे पाहिले तर हा हिशेब उलट्या बाजूने दिसतो. केरळातून आलेल्या किती परिचारिकांनी मुंबई-पुण्याची रुग्णालये सांभाळली! त्यांच्या मराठी उच्चारांवर आपण हसलो, आणि ताप उतरल्यावर त्यांचेच नाव घेतले. कन्नड मुलखातून गेलेल्या एकीची कथा तर सर्वांस ठाऊक आहे. उत्तर कन्नडातील हळदीपूरच्या अरुणा शानबाग मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होत्या. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी तेथेच त्यांच्यावर पाशवी हल्ला झाला आणि त्या कायमच्या अंथरुणास खिळल्या. १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी पिढ्यान्‌पिढ्या त्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या दयामरणाच्या अर्जावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने ७ मार्च २०११ रोजी त्यांच्या वतीने बोलण्याचा अधिकार या रुग्णालयातील सेवकवर्गाचा मानला.

या उदाहरणाने आमच्या म्हणण्यास बाध येतो असे कोणी म्हणेल. अरुणाबाईंपाशी शब्द कोठे होते? परंतु आवडीचे मासे किंवा कोंबडीचे सूप दिले की त्यांचा चेहरा खुलतो, खोलीत गर्दी झाली की त्या आवाज करतात, हे त्या परिचारिकांस ठाऊक होते आणि न्यायालयापुढेही ते आले. ती दोन-चार आवाजांची भाषा त्यांनी शिकून घेतली होती, कारण शिकण्यास त्यांना वर्षे मिळाली होती, आणि त्या वर्षांचे वेतन कोणी कापले नव्हते.

आमच्या सौभाग्यवती सध्या एका धर्मादाय रुग्णालयात शस्त्रक्रियागृहात पूर्ण वेतनावर आहेत. वॉर्ड अजून मिळालेला नाही, आणि त्यांनी मागितलेलाही नाही. दुपारी शेजारच्या कन्नड बाई त्यांच्याकडून पुरणपोळी शिकतात व मोबदल्यात दुखण्याचे शब्द देतात. काल त्यांनी खाज आणि कंड यांना कन्नडात निरनिराळे शब्द आहेत काय असे विचारले, त्यावर त्या बाईंनी आधी मराठीतला भेद समजावून मागितला. तो आम्हां दोघांनाही धड सांगता आला नाही.