शब्दप्रमाण आणि डेटाशीट

मायक्रोकंट्रोलरसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला चिपच्या आतले काहीच डोळ्यांनी दिसत नाही. कुठल्या रजिस्टरमधला कुठला बिट काय करतो, हे त्याला निर्मात्याने दिलेल्या डेटाशीटमधूनच कळते. त्यामुळे भारतीय दर्शनांतला एक जुना वाद त्याच्या कामात रोज जिवंत असतो: शब्द हे ज्ञानाचे स्वतंत्र साधन आहे का? वैशेषिक आणि बौद्ध शब्दाला अनुमानातच जमा करतात. नैयायिक त्याला वेगळे प्रमाण मानतात.

इथे नैयायिकांचीच बाजू खरी ठरते. 16550 या सीरियल पोर्टच्या चिपमध्ये लाइन स्टेटस रजिस्टर नुसते वाचले तरी त्यातले चूक दाखवणारे बिट पुसले जातात. म्हणजे पाहण्यानेच पाहायची वस्तू बदलते. अनुमानही फसते. बिटमध्ये 1 लिहिला की तो 1 होईल, असे कोणीही धरून चालेल. पण एव्हीआर मायक्रोकंट्रोलरांच्या मालिकेत टायमरच्या इंटरप्टचा फ्लॅग प्रोग्रॅममधून शून्यावर आणायचा तर त्यात 1 च लिहावा लागतो. हे तर्काने सुचण्यासारखे नाही, कोणीतरी सांगावेच लागते.

याहून खोल मुद्दा 6502 च्या इतिहासात सापडतो. 1975 साली आलेल्या या मायक्रोप्रोसेसरमध्ये निर्मात्यांनी कुठेही न नोंदलेले कितीतरी ऑपकोड, म्हणजे आज्ञांचे संकेतांक, चालत. प्रोग्रॅमरांनी ते शोधले, तपासले, वापरले. पुढे 65सी02 या सुधारित आवृत्तीत त्यांतल्या काहींच्या जागी नव्या आज्ञा आल्या आणि उरलेले काहीच करीनासे झाले. आधीचे निरीक्षण खोटे नव्हते, जुनी चिप खरोखरच तशी वागत होती. पण प्रयोगातून आज काय घडते एवढेच कळते. उद्याही तसेच घडले पाहिजे, असे वचन फक्त शब्द देऊ शकतो. म्हणूनच डेटाशीट हे निव्वळ वर्णन नव्हे.

मग वचन कोणाचे मानावे? न्यायभाष्यकार वात्स्यायनांच्या मते, जो वस्तू स्वतः जाणतो आणि जशी जाणली तशीच सांगू इच्छितो तो आप्त. तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. पहिली अट बहुतेक चिपनिर्माते पुरी करतात. दुसरीची परीक्षा होते ती एराटा, म्हणजे शुद्धिपत्र, काढताना. आपल्या चिपमधले दोष उघडपणे छापणारा निर्माता कमी नव्हे, अधिक विश्वासार्ह असतो. न्यायसूत्रांत शब्दावर असत्य, परस्परविरोध आणि पुनरुक्ती असे आक्षेप चर्चिले आहेत. तंत्रज्ञानाच्या पुस्तिकांत हे तिन्ही दोष आढळतात, पण सर्वांत घातक दोष चौथा, मौनाचा.

थेरॅक-25 या संगणकनियंत्रित किरणोपचार यंत्राच्या बाबतीत हे दिसले. 1986 साली टेक्ससमधील टायलर येथे एका रुग्णावर उपचार चालू असताना यंत्राने ‘मालफंक्शन 54’ असा संदेश दाखवला. चालकांच्या पुस्तिकेत त्याचा खुलासा नव्हता. किरकोळ अडथळा समजून उपचार पुढे चालू केले गेले. त्या रुग्णाला किरणांची प्रचंड मात्रा बसली होती आणि पुढे तिच्याच परिणामांनी त्याचा मृत्यू झाला.