दोष कोणाचा, उपचार कोणाकडे?



दारूने घर पोखरले की आपल्या तोंडी दोन प्रश्न येतात. 'दोष कोणाचा?' आणि 'याला ठेवायचे कुठे?' पहिला प्रश्न घेऊन माणसे धर्मगुरूंकडे येतात, दुसरा घेऊन व्यसनमुक्ती केंद्रात जातात. या दोहोंच्या मध्ये गावातला दवाखाना असतो. ताप, मधुमेह, रक्तदाब यांसाठी आपण तिथे निःसंकोच जातो. दारूसाठी मात्र जात नाही. असे का, याचा आज विचार करू या.

अ‍ॅरिस्टॉटलने नीतिशास्त्रात दगडाचा दाखला दिला आहे. हातातून सुटलेला दगड परत बोलावता येत नाही, पण तो फेकणे आपल्या हाती होते. बेताल वागून आजार ओढवून घेणाऱ्याचेही तसेच. आपण या दाखल्यातले एवढेच लक्षात ठेवतो की, 'तूच फेकलास, आता भोग!' पण दगड सुटल्यावर नुसत्या इच्छेने माणूस बरा होत नाही, हेही त्यात आहेच. शिवाय लग्नात, बाप्तिस्म्यात, नाताळात त्याच्या हाती पहिला पेला देणारे आपणच असतो. गोड खाऊन साखर वाढवलेल्या रुग्णाला डॉक्टर औषध नाकारत नाहीत. मग दारूच्या रुग्णालाच आधी निर्दोष ठरण्याची अट का?

केंद्र सरकारने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही उपचार मिळतो. उरलेले ३७ कधी ना कधी पित्तासाठी, जखमेसाठी, झोपेच्या गोळीसाठी कुठल्यातरी डॉक्टरांसमोर बसतातच. तिथे दारूचा विषय निघत नाही. यात दर वेळी डॉक्टरांची बेफिकिरी असते असे नाही. बाहेर रांग असते, रांगेत शेजारी असतात, आणि हा उपचार पुष्कळ डॉक्टरांना नीट शिकवलेलाच नसतो.

तो शिकता येतो. जागतिक आरोग्य संघटनेची दहा प्रश्नांची साधी चाचणी आहे. बंगळुरूची निमहान्स ही संस्था डॉक्टरांना दूरस्थ पद्धतीने व्यसनोपचार शिकवते. गोव्यातील दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत, प्रमाणाबाहेर पिणाऱ्या पण अजून पुरते आहारी न गेलेल्या ३७७ पुरुषांवर एक अभ्यास झाला. तो २०१७ साली प्रसिद्ध झाला. प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांशी बोलणाऱ्यांपैकी सुमारे ३६ टक्के तीन महिन्यांत धोक्याच्या पातळीखाली आले. नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत हे प्रमाण सुमारे २६ टक्के होते. चमत्कार नव्हे, पण शंभरातली दहा घरे म्हणजे थोडी नव्हेत.

न शिकण्याची किंमत घर मोजते. रोज भरपूर पिणाऱ्याची बाटली एकाएकी बंद केली तर त्याला फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो. त्यात जीवही जातो. काही माउल्या दारू सोडवायची गोळी गुपचूप जेवणात कालवतात. त्यावर तो प्यायला तर रक्तदाब कोसळून प्राणावर बेतू शकते. यामागे प्रेमच असते; पण माणसाला अंधारात ठेवून केलेला उपचार त्याला माणूस न मानता केलेला असतो.

कोणी म्हणेल, 'आजार म्हटले की तो हात झटकून मोकळा होईल.' तसे नाही. मधुमेह्यालाही पथ्य पाळावे लागते. गोळी रोज घेणे, तपासणीला परत येणे, घसरल्यावर पुन्हा जाणे, ही जबाबदारी त्याचीच. घडलेल्या चुकीची क्षमा मागणेही त्याच्याकडेच राहते. उपचार त्याला त्यासाठी उभे राहण्याचे बळ देतो.

तेव्हा पुढच्या वेळी दवाखान्यात गेलो की दारूचे खरे प्रमाण सांगू या. घरच्यांनी डॉक्टरांना एकांतात भेटावे. आपल्या धर्मग्रामातील डॉक्टरांना आमची विनंती आहे की, हे प्रशिक्षण अवश्य घ्या आणि रुग्णाने विषय काढण्याची वाट न पाहता स्वतः विचारा. आपण विचारलेल्या एका प्रश्नाची कोणीतरी घरी वर्षानुवर्षे वाट पाहत असेल.

— आपले धर्मगुरू