टाळी आणि कौल

शेजारची एक मुलगी परवा माझ्याकडे आली. शाळेच्या वक्तृत्व-स्पर्धेत तिने नाव दिले होते. “काका, ऐकणाऱ्यांना आपले म्हणणे पटवायचे कसे, ते सांगा ना,” ती म्हणाली.

चार सभांतून बोललेल्या माणसाला असा शिष्य मिळाला की तो खुलतोच. मीही खुललो. पहिले वाक्य पक्के पाठ असावे, पण पाठ केल्यासारखे वाटू नये. शेवटच्या रांगेतल्या माणसाकडे पाहून बोलावे, म्हणजे आवाज आपोआप पोचतो. एका भाषणात एकच मुद्दा धरावा आणि त्याला दाखला द्यावा तो श्रोत्यांच्या घरातला. महत्त्वाच्या वाक्याआधी क्षणभर थांबावे. वक्त्याचे शील, श्रोत्यांची भावना आणि युक्तिवाद ही पटवण्याची तीन साधने ॲरिस्टॉटलने तेवीस शतकांपूर्वी सांगितली, तीही मी तिला सांगितली. ती भराभर लिहून घेत होती. मध्येच मान वर करून तिने विचारले, “आणि काका, आपलेच म्हणणे चुकीचे असले तर?”

मी गप्प झालो. मला एक जुनी सभा आठवली.

मानखुर्द हे हार्बर मार्गावरचे शेवटचे स्थानक होते, तेव्हाची ती गोष्ट. 1992 साली गाडी खाडी ओलांडून वाशीला जाऊ लागली, त्याच्याही आधीची. आमची बैठी चाळ सखल जागी होती. पावसाची सर आणि खाडीची भरती एकाच वेळी आली की पाण्याला जायला वाट उरत नसे. चाळीच्या कडेने एक उघडे गटार होते. ते बुजवून वर लाद्या घालाव्यात, म्हणजे मुलांना खेळायला जागा होईल, असा माझा प्रस्ताव होता. एक आजी उठून म्हणाल्या, “बाबा, पाण्याची वाट अडवू नका. भरतीचं पाणी घरात शिरेल.” मी हसून म्हणालो, “आजी, काळजी करू नका. भरती आलीच तर आधी दार वाजवील!” सभा खळखळून हसली. आजी खाली बसल्या. ठराव एकमताने संमत झाला.

त्या पावसाळ्यात भरती आली ती दार न वाजवताच, आणि पहिल्याने आजींच्याच उंबऱ्यावरून आत शिरली. आजींनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. त्या भिजलेली गोधडी पिळत होत्या; तिचे दुसरे टोक मी धरले.

हा दोष कोणाचा? माझा की वक्तृत्वाचा? प्लेटोच्या ‘गॉर्जियस’ या संवादात सॉक्रेटिस म्हणतो की वैद्य आणि आचारी यांचा खटला लहान मुलांपुढे चालला, तर आचारीच जिंकेल. फराळाच्या ताटापुढे बसलेल्या वाचकांना हे वेगळे सांगायला नको! पण त्याच संवादात गॉर्जियस हा वक्ता सांगतो, की वैद्य असलेल्या आपल्या भावाचे जे रोगी औषध घ्यायला तयार होत नसत, त्यांना आपण केवळ शब्दांनी तयार केले. म्हणजे शब्द आचाऱ्याचीही चाकरी करतो आणि वैद्याचीही. मग कोणत्या वेळी तो कोणाचा चाकर आहे, हे ओळखायचे कसे?

त्यासाठी ग्रीसपर्यंत जायला नको. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडीत आणि रात्री कीर्तन करीत. त्यांचे शील व्यासपीठावर येण्याआधीच लोकांनी पाहिलेले असे. कर्ज काढून सण करावा काय, देवापुढे मुके जनावर मारावे काय, असे ते विचारीत आणि उत्तर श्रोत्यांकडून येई. माणूस घरी जाई तो स्वतःचेच उत्तर घेऊन.

दुसरा दाखला महाडचा. चवदार तळ्यावरच्या सत्याग्रहासाठी 1927 च्या डिसेंबरात हजारो माणसे जमली होती. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला होता. लोक तुरुंगात जायलाही तयार होते. “चला” एवढा एक शब्द पुरला असता आणि टाळ्यांचा कडकडाट झाला असता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आधी प्रतिनिधींना बोलू दिले, दोन्ही बाजू सभेपुढे येऊ दिल्या, आणि मग पेटलेल्या सभेला सत्याग्रह तहकूब करण्याचे पटवून दिले. पुढे खटला चालला आणि 1937 साली उच्च न्यायालयाचा निकाल त्यांच्या बाजूने लागला.

माझ्या सभेत आणि या सभांत फरक आहे तो इथे. मी आजींना उत्तर दिले नव्हते. त्यांचे तोंड बंद केले होते. ज्या सभेत “नाही” म्हणायची कोणाची छाती होत नाही, तिथे मिळते ती टाळी. तो सभेचा कौल नव्हे.

मी मुलीला म्हणालो, “आणखी एक लिही. भाषण तयार झाले की तुझ्याविरुद्ध सर्वांत चांगले कोण बोलेल, ते शोध. त्याचे म्हणणे त्याच्याइतक्याच जोराने तू स्वतः मांड आणि मग त्याला उत्तर दे. उत्तर सापडले नाही, तर भाषण बदल.”

तिने विचारले, “काका, याने बक्षीस मिळेल?”

“बक्षिसाचे सांगता येत नाही,” मी म्हणालो, “पण तुझ्या बोलण्याने कोणाच्या घरात पाणी शिरायचे नाही.”