प्रभारी मुख्याध्यापिका
गडचिरोलीतील भामरागड, एटापल्ली किंवा चंद्रपूरमधील जिवती अशा जंगलव्याप्त तालुक्यांत शिक्षिकेकडे शाळेचे नेतृत्व अनेकदा पदोन्नतीने नव्हे, तर प्रभाराने येते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या निकषांनुसार प्राथमिक शाळेला स्वतंत्र मुख्याध्यापक मिळण्यासाठी 150 हून अधिक विद्यार्थी लागतात. विखुरलेल्या टोल्यांवर तेवढी मुले नसतात, म्हणून प्रभारी, म्हणजे वर्ग सांभाळून मुख्याध्यापकाचे काम पाहणारी, शिक्षिकाच पोषण आहाराचा हिशेब ठेवते, शाळा व्यवस्थापन समितीची सदस्य-सचिव होते आणि माडिया किंवा गोंडी बोलणाऱ्या पालकांना विश्वासात घेते. केंद्रप्रमुख, म्हणजे परिसरातील शाळांच्या गटाचे पर्यवेक्षण करणारा अधिकारी, निवडताना या अनुभवाला वजन मिळायलाच हवे. शाळा व्यवस्थापन समितीत निम्म्या महिला असाव्यात, हे शिक्षण हक्क कायद्यानेच ठरवले. मुख्याध्यापकपदाबाबत मात्र त्यात तशी तरतूद नाही.