उपकाराची वही

चाकण येथील श्री चक्रेश्वर महादेवाच्या दर्शनास प्रथमच येणारा भाविक बहुधा एक प्रश्न विचारतोच. या देवास ‘चक्रेश्वर’ हे नाव कशावरून पडले? गावातील वडीलधारी मंडळी त्याचे उत्तर एका कथेने देतात. देव-दानवांच्या युद्धात इंद्राच्या साहाय्यास राजा दशरथ गेला असता, ऐन धुमश्चक्रीत त्याच्या रथाचे चाक निखळले. राणी कैकेयी रथात होती. तिने रथाच्या आसास आपला हात दिला, रथ तोलून धरला आणि राजाचे प्राण व यश दोन्ही राखले. निखळलेले चक्र जेथे पडले ते चाकण, आणि तेथील शिव तो चक्रेश्वर.

रामायणाच्या सर्वच ग्रंथांत हा प्रसंग एकसारखा आलेला नाही. वाल्मीकींच्या रामायणात कैकेयी मूर्च्छित राजाला रणांगणातून दूर नेऊन त्याचे रक्षण करते. आसाच्या छिद्रात हात घालण्याची कथा अध्यात्मरामायणात येते आणि महाराष्ट्राच्या मनात तीच अधिक रुजली आहे. पुढील भाग मात्र दोहोंकडे सारखाच आहे. प्रसन्न झालेल्या राजाने दोन वर देऊ केले. कैकेयीने ते त्या वेळी मागितले नाहीत. ‘लागतील तेव्हा मागेन’ असे म्हणून तिने ते राजाकडेच ठेव म्हणून ठेवले.

कथा सांगणारे बहुतेक जण येथे थांबतात, कारण पुढची कथा सर्वांना ठाऊक असते. परंतु चक्रेश्वराच्या दारात उभ्या असलेल्या भाविकाने क्षणभर या ठेवीचाच विचार करावा. कैकेयीला दुष्ट ठरवून मोकळे होणे फार सोपे आहे. रणभूमीवर तिने जे केले त्यात कपट नव्हते, हिशेब नव्हता. बाणांच्या वर्षावात ज्या हाताने रथ तोलला, त्या हाताने त्या क्षणी कोणताही मोबदला मागितला नव्हता. ते कर्म निर्मळच होते. बिघाड झाला तो नंतर. त्या निर्मळ कर्माची नोंद झाली, नोंद जपून ठेवली गेली आणि अनेक वर्षांनी मंथरेने ती वही उघडून राणीपुढे धरली. मंथरेने कैकेयीला नवे असे काहीच दिले नाही. तिने केवळ जुन्या येण्याची आठवण करून दिली. त्या एका वसुलीपायी श्रीराम चौदा वर्षे वनात गेले, दशरथाने पुत्रविरहात प्राण सोडला, आणि ज्या भरतासाठी सारे मागितले त्याने सिंहासनावर पादुका ठेवून स्वतः नंदिग्रामी तापसाचे जिणे पत्करले. ज्या राजाचे प्राण कैकेयीने वाचविले होते, त्याच राजाचे प्राण त्या उपकाराच्या परतफेडीत गेले.

अशी वही आज घरोघरी असते. ती कपाटात दिसत नाही इतकेच. ‘तुझ्या शिक्षणासाठी मी काय काय सोसले’ हे वाक्य मुलाच्या लग्नानंतर पहिल्या कुरबुरीत बाहेर येते. सासू सुनेच्या बाळंतपणात रात्री जागते ती खऱ्या मायेने जागते. पण त्या जागरणांची बेरीज दहा वर्षांनी एखाद्या सणाच्या दिवशी चारचौघांत वाचून दाखविली जाते. सूनही काही कमी नसते, तिच्याजवळ तिची वही असते. भावाने भावाला अडचणीत दिलेले पैसे फिटतात, परंतु दिल्याचा उच्चार फिटत नाही. दयेचा अभाव असलेली घरे थोडी. केलेल्या दयेचा उच्चार थांबत नाही अशी घरे मात्र पुष्कळ. घर तुटते ते बहुतेक वेळा अशा उच्चारानेच.

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत. द्यावयाचे म्हणून, परतफेड करू न शकणाऱ्यास, योग्य देशकाली दिले जाते ते सात्त्विक. परतफेडीच्या किंवा फळाच्या आशेने, मनाला क्लेश होत असता दिलेले ते राजस. तिसऱ्या प्रकाराकडे वाचकांचे सहसा लक्ष जात नाही. अपात्री, अवेळी दिलेल्या दानाबरोबरच सत्कारावाचून, घेणाऱ्याचा अवमान करून दिलेले दानही भगवंतांनी तामसच म्हटले आहे. म्हणजे वस्तू तीच, देणाराही तोच. शब्द वाकडा पडला की सारे दान तामस होते. कामवाल्या बाईला उरलेले अन्न देताना डबा हातात न देता पायरीवर ठेवणारी गृहिणी अन्न देतेच. पण काय देते याचा विचार तिने केलेला नसतो.

आता चाकणच्या पश्चिमेकडे दृष्टी वळवावी. तिकडे भामचंद्राचा डोंगर आहे. आज त्याच्या परिसरापर्यंत औद्योगिक वसाहत पोहोचली आहे आणि रात्री कारखान्यांचे दिवे डोंगरावरून दिसतात. सुमारे चारशे वर्षांपूर्वी याच डोंगरावर देहूचे एक तरुण वाणी येऊन बसले होते. शके 1552 च्या, म्हणजे इ.स. 1630 च्या सुमाराच्या भीषण दुष्काळाने त्यांचे घर उद्ध्वस्त केले होते. पहिली पत्नी अन्नावाचून गेली, मुलगा गेला, व्यापार बुडाला. परंपरा सांगते की तुकोबाराय पंधरा दिवस या डोंगरावर विठ्ठलाच्या चिंतनात राहिले आणि तेथेच त्यांना साक्षात्कार झाला. धाकटे बंधू कान्होबा त्यांना शोधीत आले. दोघे भाऊ इंद्रायणीकाठी उतरले तेव्हा तुकोबांनी घरातील कर्जखते आणविली.

त्यांच्या घराण्यात सावकारी होती. दुष्काळात पिचलेल्या गावकऱ्यांनी लिहून दिलेली ती खते होती. वसुलीचा हक्क कायद्याने पूर्ण होता आणि घरात तर अन्नान्नदशा होती. तुकोबांनी खते नदीत सोडून दिली. साक्षात्कारानंतर प्रथम काय करावे, तर कोणाकडून काही येणे आहे ही गोष्टच संपवून टाकावी, असे त्यांना वाटले. कीर्तन, अभंग, लोकांची गर्दी हे सारे त्यानंतरचे.

या प्रसंगातील एक बारकावा कीर्तनात अनेकदा निसटतो. तुकोबांनी सर्व खते बुडविली नाहीत. निम्मी कान्होबांची होती. ती त्यांनी भावाच्या हाती दिली आणि केवळ आपली निम्मी पाण्यात सोडली. कान्होबांना संसार चालवावयाचा होता. त्यांना तुकोबांनी वैराग्याचा उपदेश केला नाही की लोभी म्हणून हिणविले नाही. दुसऱ्याच्या खिशातून धर्म करण्याची हौस पुष्कळांना असते. स्वतःच्या वाट्याचे सोडून द्यावे आणि दुसऱ्याला त्याच्या वाट्यासाठी दोष देऊ नये, हे फार थोड्यांना साधते.

देहू ते चाकण हे अंतर एका सकाळच्या वाटचालीचे. मध्यंतरीच्या शतकांत या वाटेवरचे सारे पालटले. 1660 साली फिरंगोजी नरसाळ्यांनी पन्नासहून अधिक दिवस लढविलेला संग्रामदुर्ग आता भग्नावस्थेत आहे. कांद्याच्या बाजारपेठेचा लौकिक टिकून आहे. आणि गेल्या काही दशकांत वाहनांच्या कारखान्यांमुळे बीड-लातूरपासून बिहार-ओरिसापर्यंतची माणसे पोटासाठी येथे आली. ज्या शेतांत ज्वारी डोलत होती तेथे भाड्याच्या खोल्यांच्या ओळी उभ्या राहिल्या. लक्ष्मी आली, ही देवाची कृपाच होय. परंतु तिच्यामागोमाग नकळत एक नवी वहीही आली. ‘आमच्या गावात यांना आसरा मिळाला’ असे बोलले जाते. भाडे, अनामत रक्कम, विजेचे पैसे हे सर्व चुकते करणारा मनुष्य आसऱ्याला आलेला नसतो, तो व्यवहार करीत असतो. आणि त्याच्या श्रमांवरच या परिसराची भरभराट उभी आहे, ही नोंद त्या वहीत बहुधा सापडत नाही.

रात्रपाळी करून सकाळी खोलीवर परतलेल्या कामगाराच्या दाराशी दुपारभर कर्कश गाणी न लावणे, ही दया आहे. कंत्राट संपून हाताला काम नसलेल्या मुलाला भाड्यासाठी पंधरा दिवसांची सवलत देणे, आणि महत्त्वाचे म्हणजे नंतर त्याच्या मित्रांदेखत ती न उच्चारणे, हीदेखील दया आहे. पाठीवर कांद्याच्या गोणी वाहणाऱ्या हमालाला ‘अरे’ऐवजी ‘अहो’ म्हणण्यास पैसा लागत नाही. परभाषक वाहनचालक मोडक्यातोडक्या हिंदीत कारखान्याचा पत्ता विचारतो, तेव्हा चार पावले पुढे जाऊन रस्ता दाखविणाऱ्याचे नाव त्याला कधीच कळणार नसते. अशा दयेची नोंद करावयाची म्हटली तरी करता येत नाही. तिचे मोल म्हणूनच अधिक असावे.

पुणे-नाशिक महामार्गावरून येणाऱ्या भाविकांना आणखी एका गोष्टीचे स्मरण द्यावेसे वाटते. संत एकनाथ महाराज काशीची गंगा कावडीने रामेश्वरास अभिषेकासाठी नेत असता, वाळवंटात तहानेने तडफडणारे गाढव त्यांना दिसले आणि त्यांनी ती गंगा त्याच्या मुखात घातली, ही कथा सर्वपरिचित आहे. ती ऐकून मान डोलावणारा भाविकही महामार्गावर अपघातात पडलेला मनुष्य पाहून गाडीचा वेग वाढवितो. हृदय कठोर असते म्हणून नव्हे. पोलीस, साक्ष, रुग्णालयाचा खर्च यांचे भय असते म्हणून. हे भय आता ठेवण्याचे कारण नाही. 2016 साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाची मार्गदर्शक तत्त्वे बंधनकारक ठरविली आणि 2019 च्या मोटार वाहन सुधारणा कायद्यात ‘कलम 134-अ’ने त्यास कायद्याचे बळ मिळाले. अपघातग्रस्तास रुग्णालयात पोहोचविणाऱ्यावर आपले नाव, पत्ता वा दूरध्वनी क्रमांक सांगण्याची सक्ती करता येत नाही. प्रत्यक्ष साक्षीदार होणे हे त्याच्या इच्छेवर आहे. महाराष्ट्रात 2014 पासून 108 क्रमांकावर रुग्णवाहिका विनामूल्य मिळते. नाव न सांगता निघून जाण्याची मुभा देणारा हा कायदा वाचताना तुकोबांच्या इंद्रायणीची आठवण होते.

देणगीदारांविषयी येथे दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. देवस्थानात दिलेल्या प्रत्येक देणगीची पावती दिली जाते आणि भाविकांनी ती अवश्य मागून घ्यावी. विश्वस्तांचा हिशेब चोख राहण्यासाठी ती हवीच. मात्र ती पावती देवाच्या हिशेबाची नव्हे. एखादा उदार गृहस्थ अभिषेकासाठी मोठी रक्कम अर्पण करतो आणि त्याच दुपारी आपल्या गाडीच्या चालकाला जेवणाचे न विचारता दोन तास उन्हात उभा ठेवतो. देणगी स्वीकारली जाते, पण चालक उपाशी राहतो. महाशिवरात्रीस व श्रावणी सोमवारी दर्शनाची रांग लांबते, तेव्हा ‘आम्ही दरवर्षी देतो’ असे सांगून पुढे जाण्याची इच्छा होणेही त्याच वहीचे एक पान होय. रांगेत मागे एखादी वृद्धा काठी टेकून उभी असते. तिला पुढे जाऊ देण्यासाठी कार्यालयाच्या परवानगीची आवश्यकता नाही.

तुकोबांचे कागद इंद्रायणीत दोनदा गेल्याचे परंपरा सांगते. पहिल्या वेळी कर्जखते आणि पुढे अभंगांच्या वह्या. अभंग तेरा दिवसांनी वर आले, असे मानले जाते. कर्जखते वर आली नाहीत. ती यावीत म्हणून काठावर कोणी बसलेही नव्हते. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्यांत चाकणचे संताजी महाराज जगनाडे अग्रणी होते. ते व्यवसायाने तेली. मापे आणि हिशेब यांच्यात वाढलेले. त्यांची समाधी येथून जवळच सुदुंबरे येथे आहे आणि दर्शनास आलेल्या भाविकांनी सवड काढून तेथे अवश्य जावे. त्यांच्या हातच्या वहीवरून वि. ल. भावे यांनी गाथ्याची आवृत्ती प्रसिद्ध केली. तुकोबांच्या चौदा टाळकऱ्यांत संताजींचे नाव आहे. त्याच टाळकऱ्यांत आपली निम्मी खते घेऊन वेगळे झालेले कान्होबाही आहेत, आणि तुकोबा गेल्यानंतर त्या धाकट्या भावाने शोक करून रचलेले अभंग गाथ्यात आजही वाचावयास मिळतात.