मोजणी कोणाच्या बाजूची?

बदलापूरजवळच्या वांगणीला खगोल मंडळाचे रात्रभराचे आकाशदर्शन कार्यक्रम होत आले आहेत. देवयानी दीर्घिकेचा प्रकाश सुमारे 25 लाख वर्षांपूर्वी निघाला, असं सांगितलं की सगळे मान्य करतात. सांगणाऱ्याचा पक्ष कोणी विचारत नाही. त्या अंतरावर कुणाची जमीन, कुणाची सत्ता, कुणाचा अभिमान अडकलेला नसतो.

तो अडकला की तीच माणसं बदलतात. जानेवारी 2018 मध्ये औरंगाबादच्या वैदिक संमेलनात केंद्रीय मंत्री सत्यपाल सिंह यांनी डार्विनचा सिद्धान्त चुकीचा ठरवला. माकडाचा माणूस होताना आपल्या पूर्वजांनी पाहिलं नाही, हा त्यांचा आधार. देशातल्या तिन्ही विज्ञान अकादमींनी संयुक्त पत्रक काढून विरोध केला. तरीही मंत्र्यांचं म्हणणं अनेकांना पटलं, कारण ते आपल्या बाजूचे होते. पण उगाच अँटिबायोटिक घेऊ नका, जंतू दाद देईनासे होतात, असं डॉक्टर सांगतात तेव्हा हीच माणसं निमूट ऐकतात. औषधातून वाचलेले जंतू वाढतात, पुढची पिढी त्यांचीच होते. हा डार्विनच आहे. दवाखान्यात जो चालतो, तो मुलांच्या पाठ्यपुस्तकात का चालू नये?

आपल्या पुरोगामी मित्रांनाही मला हेच विचारायचं आहे. हवामानबदलाबाबत ते शास्त्रज्ञांचा दाखला देतात आणि तो बरोबरच आहे. पण जनुकीय सुधारित पिकांचा विषय निघाला की त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना वैज्ञानिक संस्था कंपन्यांच्या ताटाखालची मांजरं वाटू लागतात. बियाण्याच्या मक्तेदारीवर भांडावं, जरूर भांडावं. तो अर्थकारणाचा प्रश्न आहे. पण बीटी वांग्यासारखं जनुकीय सुधारित पीक खाण्यास सुरक्षित आहे का, याचं उत्तर कंपनीवरच्या रागातून मिळणार नाही. 2010 साली भारतात बीटी वांग्यावर स्थगिती आली. बांगलादेशचे शेतकरी 2014 पासून ते पिकवत आहेत. तिथल्या नोंदी किती जणांनी उघडून पाहिल्या?

वांगणीकरांसाठी हा वाद पुस्तकी नाही. 27 जुलै 2019 रोजी उल्हास नदीच्या पुरात बदलापूर ते वांगणीदरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजारावर प्रवाशांना बोटींतून बाहेर काढावं लागलं. नदीच्या पूररेषा जलशास्त्रातून येतात: निळी रेषा 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. ‘शंभर वर्षांतून एकदा’ ऐकलं की माणूस निर्धास्त होतो. वास्तविक त्याचा अर्थ दर वर्षी एक टक्का शक्यता असा आहे. वीस वर्षांच्या गृहकर्जाच्या मुदतीत निदान एकदा तसा पूर येण्याची शक्यता 18 टक्क्यांच्या आसपास जाते. मुंबईत घर परवडत नाही म्हणून इथे येणाऱ्या कुटुंबाला हा आकडा सांगायलाच हवा. तो सांगणाऱ्यावर विकासविरोधी असा शिक्का मारणं म्हणजे त्या कुटुंबाचा घात करणं. आणि सगळं बांधकाम वाईटच, या आवेशात रेषेबाहेरच्या घरालाही बुडीत ठरवणारेही त्याच कुटुंबाची दिशाभूल करतात.

यावर उपाय जयंत नारळीकरांच्या एका प्रयोगात सापडतो. नरेंद्र दाभोलकरांसह त्यांनी फलज्योतिषाची चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या पत्रिका जमवल्या. निम्मी मुलं अभ्यासात हुशार, निम्मी गतिमंद. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिका पाहून कोणती कोणाची ते सांगितलं. 46 टक्के उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही निम्मी बरोबर येतात. मला त्या निकालापेक्षा त्याआधीचं काम मोलाचं वाटतं. किती उत्तरं बरोबर आली तर दावा मानायचा, हे निकाल हाती येण्याआधी ठरलेलं होतं. नंतर पळवाट शोधायला जागाच उरली नाही.

राजकारणाला हीच शिस्त लावता येईल. कोणतीही मोजणी सुरू होण्याआधी दोन्ही बाजूंनी जाहीर लिहून द्यावं: कोणता आकडा आला तर आम्ही आमचं मत सोडू. वांगणी-बदलापुरात घराचं बुकिंग करणाऱ्यानं बिल्डरकडे आधी पूररेषेचा नकाशा मागावा. आणि मत मागायला दारात आलेल्या प्रत्येक उमेदवाराला, मग तो आपल्या आवडत्या पक्षाचा का असेना, सरळ विचारावं: नवी रेषा तुमच्या माणसांच्या प्लॉटमधून गेली, तर ती मान्य कराल का?