तपासणी कशाची: कामाची की आयुष्याची?

आम्ही शासकीय सेवेत असताना एका चालकाच्या तोंडाला वास येतो, अशी तक्रार आली. दौऱ्यावर निघण्याची वेळ होती. आम्ही त्यास रुग्णालयात धाडले. तेथे शिपायाच्या देखत त्याला लघवीचा नमुना द्यावा लागला. अहवाल निर्दोष आला. पुढेही तो आम्हांस 'साहेब' म्हणत राहिला. मात्र वाटेत घरच्या गोष्टी सांगेनासा झाला. नियमाने आमचे काही चुकले नव्हते, तरी ते शल्य मनात राहिले.

तपासणीच नको, असे आमचे म्हणणे नाही. ४ जानेवारी १९८७ रोजी अमेरिकेत मेरीलँडमधील चेस येथे प्रवासी गाडी आणि मालगाडीची इंजिने यांची टक्कर होऊन १६ माणसे दगावली. इंजिने चालविणाऱ्याने गांजा ओढला होता. १९९१ साली तेथे वाहतूक कामगारांची चाचणी कायद्याने सक्तीची झाली. ज्याच्या हाती इतरांचे प्राण आहेत, त्याला 'हा माझा खासगी प्रश्न' म्हणून सुटता येणार नाही.

परंतु लघवीत गांजाचे अंश कित्येक दिवस, नित्य सेवन करणाऱ्याच्या बाबतीत कित्येक आठवडेही, सापडतात. माणूस या घटकेला सावध आहे की नाही, हे त्यावरून कळत नाही. ते काम नवी साधने अधिक नेमके करतात. श्वासयंत्र फुफ्फुसांतील हवेवरून रक्तातील मद्याचे प्रमाण सांगते. आपल्या १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादा त्याच्याच साह्याने तपासली जाते. लाळेत बहुधा अलीकडचेच सेवन दिसते. अमेरिकेच्या परिवहन खात्याने २०२३ साली तिच्या चाचणीचे नियम केले. डोळ्यांची हालचाल व प्रतिसादाचा वेग मोजणारी साधने तर थेट सावधपणाच पाहू लागली आहेत.

याच विज्ञानाची दुसरी बाजूही आहे. केस महिन्याला सुमारे १ सेंटिमीटर वाढतो; म्हणून ३ सेंटिमीटर केसात तीन महिन्यांचा इतिहास वाचता येतो. घोट्याला बांधलेले यंत्र घामावाटे मद्याची नोंद अहोरात्र घेते. येथे कोणासमोर लाज सोडावी लागत नाही, पण माणसाचे सारे आयुष्य उघडे पडते. तेव्हा चाचणी सोयीची झाली म्हणून ती न्याय्य झाली, असे समजू नये.

आमच्या मते काम देणाऱ्यास एकच प्रश्न विचारण्याचा अधिकार आहे: आता हे काम याच्या हाती सोपवावे काय? याहून अधिक विचारणारी चाचणी, मग ती कितीही सुसंस्कृत दिसो, पाळत ठरते. आणि जी चाचणी करावयाची, ती सर्वांची सारखी करावी; रेल्वेचे चालक कामावर रुजू होताना श्वासयंत्रात फुंकतात, त्यात कोणा एकास वेगळे काढले जात नाही.

यंत्रे आणखी सुधारतील. आम्ही मात्र त्या सकाळी चालकास रुग्णालयात धाडण्यापूर्वी, 'काय रे, बरा आहेस ना?' एवढेही विचारले नव्हते.